प्रश्नावली आणि पोहे

"आठ लिहा, सर! आठ! आन् खाली विहीर लिहा. मोटरीसकट लिहा!"

किसनराव ओरडत होते. हा माणूस ओरडत नसला म्हणजे झोपलेला असतो, अशी गावात त्यांची ख्याती. पण त्या सकाळी त्यांचा आवाज असा काही लागला होता, की शेजारच्या वावरातल्या सोयाबीनच्या शेंगा विळा लागायच्या आधीच तडकल्या. मी धुऱ्यावर, म्हणजे वावराच्या बांधावर, उकिडवा बसलो होतो. मांडीवर फळी, फळीवर प्रश्नावली, आणि 'कुटुंबाची एकूण जमीन' या नवव्या प्रश्नासमोर पेन टेकवून थांबलो होतो.

"आठ?" पलीकडच्या धुऱ्यावरून त्यांचा धाकटा भाऊ रामभाऊ त्याहून मोठ्यानं ओरडला. "अरे, बापानं आपल्या दोघाले मिळून तीन एकर ठेवले होते! बाकीच्यानं काय अंडे घालून पिल्लं काढले का रे?"

किसनरावांनी विळा खाली टाकला, वावर तुडवत भावाकडे गेले आणि त्याच्या कानाशी लागले. काय बोलले ते मला ऐकू आलं नाही. त्यांनी आयुष्यात हळू बोललेलं हे पहिलंच वाक्य असावं. रामभाऊनं माझ्याकडं पाहिलं. मग माझ्या हातातल्या कागदाकडं पाहिलं. डोक्याचा रुमाल सोडून झटकला, पुन्हा नीट बांधला, आणि एकदम बदललेल्या, मधाळ आवाजात म्हणाला, "आठच हायेत जी. माझ्या ध्यानातून गेलते. आन् सर, दादाचं झालं का माझ्या घरी या. माझे बी आठ हायेत."

मी दोन्ही आठ लिहून घेतले. सख्ख्या भावांत इतकी समसमान वाटणी मी जन्मात पहिल्यांदा पाहत होतो. समासात बारीक अक्षरांत टीपही केली : 'भाऊबंदकी आढळली नाही.'

त्याला आता काही वर्षं झाली. यंदा पुन्हा सोयाबीन पिवळं पडलं आहे. रिसोडकडं जाणाऱ्या एसटीच्या दोन्ही अंगांना वावरं अशी वाळून उभी आहेत, की ड्रायव्हरनं हॉर्न दिला तरी शेंगा खुळखुळतात. मला हे पीक फार आवडतं, कारण ते माणसाच्या अगदी उलट आहे. पिकलं की पानं टाकून देतं. लपायला जागाच ठेवत नाही. नुसत्या काड्या आणि नुसत्या शेंगा. जे आहे ते उघड्यावर, मोजून घ्या. सकाळी दंव असेस्तोवर सोंगणी, म्हणजे विळ्यानं कापणी, चालते. ऊन चढलं की शेंग हात लावू देत नाही. फुटते आणि दाणे तोंडावर मारते. मग दुपारपासून थ्रेशरची घरघर आणि कुटाराची, म्हणजे भुशाची, धूळ. ती धूळ एकदा कॉलरीत शिरली की माणूस संक्रांतीपर्यंत खाजवतो. मी आज वर्गात 'सामाजिक संरचना' शिकवत असतो, खिडकीतून तो वास येतो, आणि खडू टाकून माझा हात आपोआप मानेकडं जातो. पोरांना वाटतं, सर मुद्दा आठवून राह्यले.

आणि नेमक्या याच दिवसांत आमच्या महाविद्यालयाच्या कार्यालयातून फर्मान आलं आहे. नवं संकेतस्थळ होतंय. तर प्रत्येक प्राध्यापकानं आपली 'शैक्षणिक पार्श्वभूमी' आणि 'संशोधनातील रस' शंभर शब्दांत लिहून द्यावा, सोबत हसरा फोटो जोडावा. 'हसरा' ही अट खास समाजशास्त्र विभागासाठी घातली असावी. बाकीचे विभाग तसेही हसतच असतात, बहुतेक आम्हालाच.

शंभर शब्दांत! अहो, माझी शैक्षणिक पार्श्वभूमी सांगायची तर पोह्यांपासून सुरुवात करावी लागेल.

पण आधी विभाग सांगतो. तेव्हा आम्ही तिघं होतो. विभागप्रमुख इंगोले मॅडम. त्या मूळच्या मानवशास्त्राच्या. तरुणपणी दोन वर्षं डोंगरातल्या पाड्यांवर राहून त्यांनी 'देवाणघेवाण' या विषयावर पीएच.डी. केली, आणि ती त्यांच्या अंगात भिनली. मॅडमच्या घरी कुणी वाटीभर चटणी पाठवली की वाटी रिकामी परत जायची नाही, लाडू घालून जायची. शेजारीणही त्याच मातीची. ती लाडवाची वाटी लोणचं घालून परत पाठवायची. अशी एक स्टीलची वाटी या दोन घरांत सात वर्षं फिरत होती म्हणतात. मूळ चटणी कुणाची होती हे दोघींनाही आठवत नव्हतं, आणि थांबायचं कुणी, हा प्रश्न विज्ञानाला सुटलेला नव्हता.

दुसरे ढोले सर. त्यांनी समाजशास्त्रात एम.ए. दोनदा केलं होतं. पहिल्यांदा केलेलं ते विसरले, असं ढोले सर स्वतःच सांगत. कागदावर त्यांचा संशोधनातील रस 'ग्रामीण नेतृत्व'. प्रत्यक्षात ते वाशीमच्या बसस्थानकावर कुणाही अनोळखी माणसाला तीन प्रश्न विचारत : गाव कोणतं, कोणाचे, मामा कुठले. चौथ्या प्रश्नाला तो माणूस ढोले सरांचा साडू निघत असे. जिल्ह्यात एकही माणूस त्यांना परका सापडला नाही. त्यामुळं ते कधी वर्गावर वेळेत पोचलेही नाहीत.

आणि तिसरा मी. तासिका तत्त्वावर. म्हणजे तास घेतला तर प्राध्यापक, नाही घेतला तर नागरिक. माझा विषय होता 'सावड'. आपल्याकडं पूर्वापार चालत आलेली रीत आहे : आज माझ्या वावरात तुम्ही सगळे या, उद्या तुमच्या वावरात आम्ही सगळे येतो, मजुरी कुणी कुणाला द्यायची नाही. सोयाबीनच्या सोंगणीत ही सावड अजून कुठं टिकून आहे, कोण कुणाकडं जातं, नात्यातला जातो की शेजारचा जातो, हे मला शोधायचं होतं. चार वर्षं ग्रंथालयात बसून मी सावडीवर दोनशे पानं लिहिली होती. फक्त सावड बघायची राहिली होती.

मुदतवाढ मिळून मिळून संपली. विद्यापीठाचं शेवटचं पत्र आलं : दिवाळीच्या सुट्टीआधी प्रबंध जमा झाला नाही, तर नोंदणी रद्द. इंगोले मॅडमनी चष्मा कपाळावर चढवला आणि सांगितलं, "हे बघा, पीएच.डी. नसेल तर पुढच्या वर्षी तुमच्या तासिकाही दुसऱ्याला जातील. मी काही करू शकणार नाही. हे ग्रंथालय सोडा, साठ घरांचं एक गाव धरा आणि साठ प्रश्नावल्या भरून आणा. सोंगणी आटोपायच्या आत. एकदा वावरं मोकळी झाली की अर्धं गाव कामाला बाहेर जातं, मग प्रश्न कुणाला विचाराल? कुलपांना?"

म्हणून मी त्या गावात जाऊन पडलो. गावाचं नाव सांगत नाही. तिथल्या पुष्कळ पोरांची लग्नं अजून व्हायची आहेत.

प्रश्नावली मी शास्त्रशुद्ध काढली होती. चाळीस प्रश्न. घरात माणसं किती? अविवाहित किती? त्यांचं वय? शिक्षण? व्यसन? आईचं माहेर कोणतं? मामा काय करतात? जमीन किती, त्यात ओलिताची किती? घर कौलारू की स्लॅबचं? हे सगळं सावडीसाठी लागतं हो. घरात हात किती, सोयरे कुठं कुठं, कोण कुणाला हाक मारू शकतो, हे कळल्याशिवाय सावड कशी कळणार?

किसनरावांचं घर पहिलं. 'अविवाहित सदस्य किती' हा प्रश्न मी विचारला आणि किसनरावांनी बायकोकडं पाहिलं. सरूबाई उठल्या. ज्या धुऱ्यावर एवढा वेळ मी उकिडवा बसलो होतो, तिथं दहा मिनिटांत सतरंजी अंथरली गेली. अर्ध्या तासात घरून पोहे आले. वर शेव, वर खोबरं, वर कोथिंबीर. आणि त्यांचा मुलगा गजानन, जो आत्ता फाटक्या बनियनवर सोंगणी करत होता, तो कुठून तरी इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून आला आणि माझ्यासमोर खाली मान घालून उभा राहिला.

"नाव सांग सरले," किसनराव गरजले.

"गजानन किसनराव."

"शिक्षण?" मी विचारलं.

गजाननानं बापाकडं पाहिलं. बाप म्हणाला, "बीएस्सी लिहा."

"कोणत्या विषयात?"

"सगळ्याच," किसनराव म्हणाले.

मी लिहिलं. खेड्यापाड्यांतून शिक्षणाचा प्रसार किती झाला आहे, या विचारानं मी पोह्यांची बशी दुसऱ्यांदा भरून घेतली.

जाताना सरूबाईंनी पदर सावरत हळूच विचारलं, "सर, तुमच्याकडे पोरी किती हायेत?"

मला वाटलं, बाई महाविद्यालयाची चौकशी करतात. किती जागरूक माणसं! मी म्हणालो, "पुष्कळ आहेत. यंदा पहिल्या वर्षालाच चाळीस. सगळ्या हुशार, कष्टाळू. ऐंशी टक्के शेतकऱ्यांच्याच."

"चाळीस!" सरूबाईंनी तोंडाला पदर लावला. "आन् देतीन का हो खेड्यात?"

"प्रश्नच नाही," मी म्हणालो. मला वाटलं, परीक्षा देतील का म्हणतायत. आमचं परीक्षा केंद्र तालुक्याला आहे, पण खेड्यातही द्यायची वेळ आली तर माझ्या मुली मागं हटणार नाहीत, असं मी ठणकावून सांगितलं.

ही बातमी गावात किती वेगानं गेली असेल? मी किसनरावांच्या धुऱ्यावरून रामभाऊच्या धुऱ्यावर चालत गेलो, पाच मिनिटं लागली असतील, तेवढ्यात गावाच्या दुसऱ्या टोकाला दुकानातले पोहे संपले. पुढचे दहा दिवस मी जे भोगलं ते शास्त्रात कुठं नोंदलेलं नाही. सकाळी पोहे, दुपारी पोहे, उन्हं उतरताना पोहे. लग्नाचा पोरगा असलेल्या सदतीस घरांचे सदतीस प्रकारचे पोहे. नवव्या दिवशी मी रुमालानं घाम पुसला तर रुमाल पिवळा झाला. एका घरी वांग्याची भाजी आणि रोडगे निघाले, तेव्हा माझ्या डोळ्यांत पाणी आलं. त्या माउलीनं तिचा पोरगा चार पावलं पुढं सरकवला. तिला वाटलं, जमलं.

आणि सोंगणी! अशी सोंगणी वाशीम जिल्ह्यात ना कुणी पाहिली, ना कुणी पाहील. बांधाबांधावर इस्त्रीचे शर्ट. एक पोरगा काळा गॉगल लावून सोयाबीन सोंगत होता. त्याला धुरा दिसलाच नाही, तीन ओळी शेजाऱ्याच्या सोंगून गेला. एकानं थ्रेशरवर उभं राहताना अत्तर लावलं, तर कुटाराला गुलाबाचा वास आला आणि दोन दिवस म्हशींनी तोंड लावलं नाही. मी जवळून जायला लागलो की तंबाखूच्या पुड्या धुऱ्यापलीकडं उडायच्या. मी लिहिलं : 'व्यसनाधीनता : शून्य.' वय विचारलं की सगळे सव्वीस. तिसावं ओलांडलेला अविवाहित माणूस त्या गावात औषधालाही नव्हता. मी स्वतः चौतीस वर्षांचा, अविवाहित. मला तर त्या गावात आपण म्हातारे झाल्यासारखं वाटायला लागलं.

साठ प्रश्नावल्या घेऊन मी इंगोले मॅडमच्या टेबलावर ठेवल्या तेव्हा शहीद होऊन परत आल्यासारखा माझा चेहरा असावा. मॅडम वाचायला लागल्या. एक पान, दोन पानं. मग त्यांनी जमिनीची बेरीज केली. पुन्हा केली. मग भिंतीवरच्या जिल्ह्याच्या नकाशाकडं गेल्या.

"तुमच्या गावाची जमीन," त्या म्हणाल्या, "रिसोड शहर पोटात घेऊन पुढं जातेय. तिथल्या लोकांना कळवलंय का?"

ढोले सर टेबलावरून वाकले. "बीएस्सी एक्केचाळीस? एवढं शिकलेलं गाव, आन् मले त्यातला एकही साडू कसा नाही लागत?"

मॅडमनी प्रश्नावली हातात घेतली आणि मोठ्यानं वाचली. पण कशी वाचली! मुलीचा बाप तक्क्याला टेकून जसं विचारतो, त्या सुरात. "मुलाचं वय? शिक्षण? व्यसन? मामा काय करतात? जमीन किती? घर स्लॅबचं का?" चाळिसाव्या प्रश्नापर्यंत गेल्याच नाहीत. पंधराव्यालाच ढोले सर खुर्चीवरून खाली बसले होते आणि पोट धरून हसत होते.

"ही प्रश्नावली नाही," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही दहा दिवस त्या गावात स्थळं पाहत होता."

 पोह्यांची प्रत्येक बशी मला आठवली. चाळीस पोरी आठवल्या. दिवाळीच्या सुट्टीला अठरा दिवस उरले होते.

मी परत गेलो. सगळ्यात अवघड गेलं ते गजाननला तोंड दाखवणं. तो धुऱ्यावर एकटा बसून विळ्याला धार लावत होता. मी सगळं कबूल केलं. तो काही चिडला नाही. धार लावत राहिला.

"मले थोडंसं वाटलंच होतं," तो म्हणाला. "एवढ्या चाळीस पोरी एकाच माणसाकडे असतीन कशा?" मग विळ्याकडंच बघत, "माझं काई नाई, सर. मी चौतीसचा होऊन राह्यलो, मले सवय हाय. पण माय रोज सकाळी चुलीतला कोळसा घालून इस्तरी करे. आता तिले तुमीच सांगा. माझ्याच्यानं नाई होत."

मी सरूबाईंना सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "बसा, पोहे टाकते." मला वाटलं, या वेळी शाप द्यायच्या ठिकाणी पोहे देतायत. पण नाही; घरी आलेल्याला तसंच कसं पाठवायचं, एवढंच होतं त्यात. मी बशी पुसून खाल्ली. सदतीस घरी पोहे खाल्ले होते, पण फक्त माझ्यासाठी केलेले तेवढेच.

मग दुसऱ्या सकाळी देवळाच्या ओट्यावर मी गाव गोळा केलं आणि जाहीर करून टाकलं : मी सोयरीक जमवणारा नाही. मी समाजशास्त्राचा माणूस. हा अभ्यास विद्यापीठासाठी आहे. कृपा करून खरं खरं सांगा, माझ्या नोकरीचा प्रश्न आहे.

 मागून एक बुढा म्हणाला, "हे विद्यापीठ सरकारी असते का जी?"

"म्हणजे... सरकारीच म्हणा."

मी हे वाक्य बोललो नसतो तर आज मी तुमच्यासमोर वेगळाच माणूस असतो. कारण दुसऱ्या दिवशी गाव आटलं. अक्षरशः आटलं. ज्या किसनरावांकडं आठ एकर होते, त्यांच्याकडं दीड राहिले.

"आणि विहीर?"

"विहीर?" किसनराव ओरडले. "कोठी हाय विहीर? तो खड्डा हाय, सर. त्यात बेंडकं राह्यतात, ते बी तहानलेले!"

गजाननची बीएस्सी चौथीवर आली. स्लॅबची घरं रातोरात गळायला लागली. एकानं तर मला दाखवायला दोन कौलं काढून ठेवली होती. गॉगलवाला लंगडत आला. सव्वीस वर्षांचे पोरगे एकाएकी पंचेचाळीसचे झाले, कुणी कुणी निराधार झाले. एका घरात मी नवऱ्याचं नाव लिहीत होतो, तर बाई म्हणाल्या, "ते नाईच लिहा." नवरा समोर बसून विडी ओढत होता. तोही म्हणाला, "नाईच लिहा, सर. मी असून नसल्यासारखाच हावो." पोहे बंद. पाणी आलं, तेही अर्धा लोटा. या खेपेला बेरीज केली, तर गावाची जमीन एवढीशी उरली की देऊळ शेजारच्या गावात उभं करावं लागलं असतं.

दोन गठ्ठे माझ्यासमोर होते. एकात साठ जमीनदार, दुसऱ्यात साठ भिकारी. गाव तेच. दिवाळीची सुट्टी अकरा दिवसांवर. सोंगणी आटोपली होती. वावरात नुसती धसकटं राहिली होती आणि जीपगाड्या भरून माणसं बाहेरच्या कामाला निघायला लागली होती. तिसऱ्यांदा विचारायला गाव उरणार नव्हतं.

मॅडमनी दोन्ही गठ्ठे शेजारी शेजारी ठेवले. किसनरावांचा आठवाला कागद आणि किसनरावांचा दीडवाला कागद. बराच वेळ बघत राहिल्या. मला वाटलं, आता माझ्या तासिका कुणाला द्यायच्या ते ठरवतायत.

"डोंगरात असताना," त्या म्हणाल्या, "पहिले सहा महिने मलाही सगळे खोटं सांगत. मला राग यायचा. मग लक्षात आलं, प्रत्येक खोटं अगदी मापात शिवलेलं असतं, समोरच्याच्या मापात. तुम्हाला मुलीच्या बापापुढं गाव कसं उभं राहतं ते मिळालंय, आणि सरकारपुढं कसं बसतं ते मिळालंय. एकाच घराचे दोन्ही. असं कुणाकडं आहे? सावड राहू द्या. हे लिहा."

"पण मॅडम, ही माणसं एवढं खोटं..."

मॅडमनी टेबलाचा खण उघडला आणि एक जुना कागद माझ्यापुढं टाकला. मागच्या मूल्यांकन समितीसाठी आम्ही तिघांनी भरून दिलेली माहिती होती ती. ढोले सर : संशोधनातील रस 'ग्रामीण नेतृत्व, जागतिकीकरण, पाणी, लिंगभाव, सीमाप्रश्न.' मी : 'सावड, शहरीकरण, माध्यमे, युवक, पर्यावरण व तत्सम.' 'तत्सम' मी लिहिलं होतं! सावड न पाहिलेला माणूस मी, आणि तत्समपर्यंत माझा रस पोचला होता. समितीच्या मापात शिवलेले आमचे आठ आठ एकर. आणि आम्हीच कामाची वाटणी होताना, जास्तीचे वर्ग नकोत म्हणून, प्रकृती, गुडघे आणि वृद्ध आईवडील पुढं करून दीड एकरावर येतो. मी दोन्ही गठ्ठे उचलले.

दहा दिवसांत प्रबंध लिहिला. खोटं सांगत नाही, मी डावखुरा, डाव्या हाताचं बोट इतकं झिजलं की मतदानाची शाई लावायला जागा उरली नाही. सुट्टी लागायच्या आदल्या दुपारी जमा झाला.

तोंडी परीक्षेपर्यंत पुढच्या वर्षीचं सोयाबीन पिवळं पडलं. ही परीक्षा खुली असते, कुणीही येऊन बसू शकतं. मी किसनरावांना फोनवर सहज सांगितलं, की बाहेरून एक तज्ज्ञ येणार, मला प्रश्न विचारणार आणि मग पसंत की नापसंत ते ठरणार. झालं! किसनरावांनी गावात सांगितलं, "आपल्या सरले पाहाले येऊन राह्यले." ट्रॅक्टरच्या ट्रॉलीतून साठ घरं आली. फेटे बांधून, आमच्या बाजूची माणसं म्हणून. सरूबाईंनी डबाभर पोहे आणले होते. ढोले सर दारात उभे राहून प्रत्येकाला मामा कुठले ते विचारत होते, आणि आत येईपर्यंत सगळे आमचे सोयरे झाले होते.

तज्ज्ञ मोठे होते. त्यांचा परिचय करून द्यायला आमच्या प्राचार्यांना पाऊण तास लागला. पहिल्या पंधरा मिनिटांत नुसत्या पदव्या झाल्या. मग ग्रामीण कुटुंबावरचं तीस वर्षांचं संशोधन, मग परदेशातली व्याख्यानं, मग पुस्तकं. अर्ध्या गावाला डुलकी लागली. मग तज्ज्ञांनी माझा प्रबंध उघडला, आणि डुलकी उडाली ती माझ्या एकट्याची.

"सगळं ठीक आहे," ते म्हणाले. "पण मला एकच सांगा. एका ठिकाणी हे गृहस्थ म्हणतात आठ एकर. दुसऱ्या ठिकाणी म्हणतात दीड. यातलं खरं काय?"

"सर, माझा मुद्दाच असा की..."

"मुद्दा कळला हो. तुम्ही म्हणता, माणूस समोरच्याला पाहून उत्तर देतो. छान कल्पना आहे. पण याला पुरावा काय? तुमची मोजणीच चुकली नसेल कशावरून? हे समजल्याशिवाय मी सही कशी करू?" त्यांनी टोपण काढलेलं पेन तसंच धरून ठेवलं. मॅडमनी खाली पाहिलं.  माझी चार वर्षं, तासिका, सगळं त्या पेनाच्या टोकाला लटकत होतं आणि मी नुसता मान खाजवत होतो.

"हेच ते किसनराव," ढोले सर मधेच म्हणाले. "दुसऱ्या रांगेत बसलेत."

तज्ज्ञ उठले. व्यासपीठाच्या तीन पायऱ्या उतरून थेट किसनरावांपाशी गेले.  बाहेरून लांबच्या थ्रेशरची घरघर येत होती.

"काका," ते फार प्रेमळ आवाजात म्हणाले, "मी कुणी सरकारी माणूस नाही. तुमच्या अनुदानाशी माझा संबंध नाही. मी तीस वर्षं खेड्यापाड्यांतल्या कुटुंबांचाच अभ्यास केलाय, दहा-बारा पुस्तकं लिहिलीत. तुम्ही मला अगदी मोकळेपणानं सांगू शकता. तुमची जमीन नक्की किती?"

किसनरावांनी त्यांना वरून खालपर्यंत पाहिलं. बूट पाहिले, कोट पाहिला, हातातलं पेन पाहिलं. मग आयुष्यात दुसऱ्यांदा हळू आवाजात विचारलं, "साहेब, तुमाले लग्नाची पोरगी हाय काय?"

"नाही हो," तज्ज्ञ गोंधळले. "मला दोन्ही मुलगेच."

"मंग दीड लिहा."